सहा जीबीचं कार्ड, गणपती ते दिवाळी

गणपतीला ताई आणि भाचा दोन दिवस आमच्याकडे डोंबिवलीला होते. भाचा यंदा अकरावीला गेला. आरती झाली, जेवणं झाली, दुपारी घर आडवं झाल्यावर तो हळूच पीसीच्या खोलीत आला. "मामा, डूम लाव ना. डार्क एजेसवाला." गेम मी आदल्या रात्रीच त्याच्यासाठी उतरवून ठेवला होता. शंभर जीबीच्या आसपासचा पसारा, रात्रभर डाउनलोड चालू होतं. क्लिक केलं, पडदा काळा झाला आणि हे ग्राफिक्स कार्ड चालणार नाही अशा अर्थाची चौकट आली.

"सेटिंग कमी करून बघ ना," भाचा म्हणाला. पण सेटिंगच्या पानापर्यंत पोचताच येत नव्हतं.

माझं कार्ड जीटीएक्स १६६० सुपर, सहा जीबी मेमरीचं. २०२० च्या जानेवारीत साडेएकोणीस हजारांना घेतलेलं. त्यानंतर दोन महिन्यांत लॉकडाउन लागलं, आणि त्या काळातल्या माझ्या सगळ्या रात्री या कार्डावर निघाल्या. २०२१ मध्ये मायनिंगवाल्यांनी, म्हणजे कार्डांवर हिशेब चालवून क्रिप्टोचलन कमावणाऱ्यांनी, बाजार रिकामा केला तेव्हा एकाने मला याचे दुप्पट पैसे देऊ केले होते. मी दिलं नाही, कारण विकून परत घ्यायला बाजारात काही शिल्लकच नव्हतं. या साडेपाच वर्षांत बरेच गेम त्याच्यावर रडतखडत चाललेत. पण दारातूनच परत पाठवणारा हा पहिला.

असं का झालं, ते मला त्या दुपारी भाच्याला नीट सांगता आलं नाही. रात्री बसून वाचून काढलं. १६६० सुपर ट्युरिंग पिढीचं आहे, म्हणजे ज्या पिढीत २०१८ साली आरटीएक्स कार्डं आली तिचंच भावंड. पण किंमत खाली ठेवण्यासाठी चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने १६ मालिकेतून दोन गोष्टी काढून टाकल्या: रे ट्रेसिंगचा, म्हणजे प्रकाशाचे किरण कुठे कसे पडतात याचा, हिशेब करणारे आरटी कोअर, आणि डीएलएसएस (लहान काढलेलं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारी सोय) ज्यांच्यावर चालतं ते टेन्सर कोअर. त्या वेळी हे कुणाला फारसं जाणवलं नाही. रे ट्रेसिंग म्हणजे सेटिंगमधला एक पर्याय होता, बंद केला की झालं. या डूममध्ये मात्र प्रकाश आणि सावल्यांचं कामच आरटी कोअरवर सोपवलंय. जुन्या पद्धतीची सोय गेममध्ये केलेलीच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंडियाना जोन्सचंही तसंच. दोन्ही गेमची किमान मागणी सारखीच, आरटीएक्स २०६० सुपर, ८ जीबीचं.

म्हणजे कार्ड हळू झालं हा प्रश्न नव्हता, त्याच्यात एक अवयवच नाही हा होता. त्यात ऑफिसमधल्या एकाने ऐकवलं की आता तुझ्या कार्डाचे ड्रायव्हरही, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअरही, बंद होणार. हे मी पडताळून पाहिलं, आणि ते चूक निघालं. नवे ड्रायव्हर थांबणार होते ते मॅक्सवेल आणि पास्कल पिढीचे, म्हणजे जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांचे. १६ मालिका ट्युरिंग असल्यामुळे त्या यादीत नव्हती. ही अफवा मी नंतर दुकानातही ऐकली. घाबरून खरेदी करणाऱ्यांसाठी हे एवढं इथे लिहून ठेवतो.

त्या रात्री ब्राउझरमध्ये चौदा टॅब उघडे होते, सगळे कार्डांच्या किमतींचे. बायको पाणी प्यायला उठली, मागे उभी राहून तिने पाहिलं आणि विचारलं, "यातलं घेतलंस तर तुला असं काय करता येईल, जे आत्ता येत नाही?"

मी डूम म्हटलं. ती म्हणाली, "आणि?"

मला त्या "आणि"चं उत्तर देता आलं नाही. दिवाळीचा बोनस यायला दीड महिना होता. मी ठरवलं की तोवर एक रुपया खर्च करायचा नाही, पण त्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून काढायचं.

पहिलं पान सोपं होतं: मी खेळतो काय? स्टीम, म्हणजे जिथून गेम घेतो ते ॲप, प्रत्येक गेमचे तास दाखवतं, त्यावरून महिनाभराचा अंदाज मांडला. महिन्याला साधारण तीस तास. त्यातले वीस काउंटर-स्ट्राइक २ चे, गटाने खेळायचा नेमबाजीचा गेम. शुक्रवार-शनिवारी रात्री कॉलेजमधले आम्ही चौघे खेळतो. दोघे पुण्यात, एक कुवेतमध्ये, एक मी. लग्नं झाली, नोकऱ्या पांगल्या, पण अकरा वाजता हेडफोन घातले की आम्ही पुन्हा हॉस्टेलच्या खोलीत असतो. या वेळेला मी फार जपतो. उरलेले दहा तास कथेच्या गेमचे: सायबरपंक, रेड डेड रिडेम्प्शन २, अधूनमधून हॉगवर्ट्स लेगसी. आणि न चालणारे दोन, डूम आणि इंडियाना जोन्स.

दुसऱ्या पानासाठी आफ्टरबर्नर लावलं. ज्यांनी कधी वापरलं नसेल त्यांच्यासाठी: हे फुकट मिळतं, आणि गेम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवतं. कार्ड किती टक्के कामात आहे, त्याची मेमरी किती भरली, तापमान किती, प्रोसेसरचा प्रत्येक कोअर काय करतोय आणि एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, काढायला किती मिलिसेकंद लागले. शेवटचा आकडा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. सेकंदाला साठ फ्रेम म्हणजे दर फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. सरासरी साठ दिसत असली तरी मध्येच एखादी फ्रेम साठ मिलिसेकंदांवर गेली तर डोळ्याला ठेच लागते, आणि सरासरीच्या आकड्यात ती ठेच दिसतच नाही.

सायबरपंकमध्ये, माझ्या १०८० पी (फुल एचडी) मॉनिटरवर हाय सेटिंगला, कार्ड सतत ९८-९९ टक्के. सरासरी ४८ फ्रेम. प्रोसेसर निवांत. म्हणजे इथे अडतंय ते कार्डच, वादच नाही. रेड डेडमध्येही तेच. हॉगवर्ट्समध्ये गावात धावत शिरलो की मेमरी ५.७ जीबीवर टेकायची आणि फ्रेम टाइमचा आलेख कुंपणासारखा दिसायला लागायचा, वीस, वीस, सत्तर, वीस, पासष्ट. भिंतींवरचे पोत आधी पुसट यायचे आणि मी समोर जाऊन उभा राहिल्यावर भरायचे.

मग शुक्रवारी काउंटर-स्ट्राइक. मी आकड्यांकडे पाहतच राहिलो. धुराचे दोन गोळे फुटले, पाच-सहा जण एका ठिकाणी आले, आणि फ्रेम १६५ वरून ८० च्या खाली आल्या. त्याच क्षणी कार्डाचा आकडा ६२ टक्के! कार्ड हात बांधून उभं होतं. तिथे दम लागत होता तो माझ्या प्रोसेसरला, रायझन ५ ३६०० ला. गेली दोन वर्षं मी मित्रांना "कार्ड जुनं झालं रे" असं सांगत होतो, ते ज्या गेमबद्दल सांगत होतो त्यात कार्डाचा दोष नव्हताच.

प्रोसेसरचा एकूण वापर मात्र तेव्हा ४५ टक्केच दिसत होता, आणि इथे बरेच जण फसतात. सहा कोअर, बारा थ्रेड (कामाच्या समांतर रांगा), त्यांची सरासरी ४५. पण गेमचं मुख्य काम एकदोन थ्रेडवर चालतं, ते भरले की बाकीचे दहा रिकामे असून उपयोग नाही. म्हणून प्रोसेसरचा टक्का बघू नये, कार्डाचा बघावा. कार्ड ९५ च्या वर असेल तर अडचण कार्डाची. फ्रेमवर मर्यादा घातलेली नसताना ते बरंच खाली असेल, तर अडचण दुसरीकडे आहे.

तिसरी गोष्ट मी मोजायच्या आधीच करायला हवी होती, ती म्हणजे साफसफाई. एका रविवारी कॅबिनेट गॅलरीत नेलं, बाजूची झडप काढली. पाच वर्षांत मी वरवर ब्लोअर मारला होता, कार्ड स्वतः कधी उघडलं नव्हतं. मागचे चार स्प्रिंगवाले स्क्रू तिरक्या क्रमाने थोडे थोडे सैल केले आणि चिपची उष्णता ओढून घेणारा हीटसिंक हलक्या हाताने फिरवत वर घेतला. पंख्याची बारीक वायर बोर्डात खोचलेली असते, तेवढी आधी काढून. चिपवरची पेस्ट वाळून राखाडी पापुद्रा झाली होती, नखाने टोकरली तर तुकडा निघाला. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीची गादी, अगदी नमदा बसवावा तशी. समोरून दिसत नव्हती कारण ती पंख्याच्या मागे होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने चिप पुसली तेव्हा ती आरशासारखी चमकली आणि कोरलेली अक्षरं वाचता आली. मेमरीवरचे मऊ पॅड शाबूत होते, ते जागच्या जागी ठेवले. नवी पेस्ट, परत स्क्रू.

सायबरपंकमध्ये तापमान ८३ वरून ७० वर आलं. पंख्याचा आवाज इतका उतरला की आईने विचारलं, बंद पडलं का? फ्रेम वाढल्या जेमतेम दोन. पण कार्ड बदलण्याच्या माझ्या इच्छेचा बराच भाग त्या आवाजावर पोसला होता, हे मला तेव्हा कळलं. सगळा खर्च अडीचशे रुपयांची पेस्ट आणि अल्कोहोलची बाटली.

सप्टेंबरच्या मध्यावर एक चांगली संधी आली. ऑफिसातल्या सहकाऱ्याने नवं कार्ड घेतलं होतं आणि त्याचं जुनं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं, दसऱ्याला तो सांगलीला बहिणीकडे नेणार होता. तोवर ते कपाटातच पडणार होतं. मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "ने घरी, शनिवार-रविवार लावून बघ. लोकांचे आकडे वाचण्यापेक्षा स्वतःच्या मशीनवर बघितलेलं बरं." अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, वरून स्वेटर गुंडाळून त्याने ते आणलं. हे त्याचे माझ्यावर उपकार आहेत. मी जे काही ठरवलं त्यातलं निम्मं त्या दोन दिवसांत ठरलं.

सायबरपंक ४८ वरून ७० वर गेला. डीएलएसएस लावल्यावर त्याहून वर, आणि चित्र स्वच्छ राहिलं. १६६० वर मी एफएसआर वापरायचो, तशीच सोय पण टेन्सर कोअर नसलेल्या कार्डावरही चालणारी, पण १०८० पीला त्यात केस आणि तारांच्या जाळ्या थरथरतात. हॉगवर्ट्समध्ये मेमरीचा आकडा ८.३ जीबीवर गेला आणि आलेखातलं कुंपण बरंचसं सपाट झालं. पूर्ण नाही, काही ठेचा राहिल्याच. त्या कार्डाच्या नव्हत्या. आणि डूम सुरू झाला! मी भाच्याला व्हिडिओ कॉल करून पडदा दाखवला. तो क्लासला निघाला होता, जिन्यातच थांबून पाहत राहिला.

शनिवारी रात्री काउंटर-स्ट्राइक. सरासरी १६५ होती ती १७१ झाली. सर्वांत वाईट एक टक्का फ्रेमचा आकडा ७८ वरून ७९. तीच धुराची जागा, तोच झटका. मी तीन वेळा मोजलं. माझ्या तीस तासांपैकी वीस तासांसाठी दीडपट ताकदीच्या कार्डाने एक फ्रेम दिली.

सोमवारी कार्ड स्वेटरमध्ये गुंडाळून परत केलं. १६६० पुन्हा स्लॉटमध्ये बसवताना मन जरा जड झालं होतं, हे खरं. सायबरपंकचं शहर पावसात ७० फ्रेमवर पाहिलं की ४८ वर परत येणं सोपं नसतं. आकड्यांची वही तिच्या जागी, पण हेही त्यात लिहायला हवं म्हणून लिहिलं.

आता घ्यायचं झालं तर काय? इथे मला हॉगवर्ट्सच्या त्या ८.३ या आकड्याने वाट दाखवली. बाजारात तेव्हा पंचवीस-तीस हजारांच्या गटात बहुतेक कार्डं ८ जीबीची होती: आरटीएक्स ४०६०, ५०६०, आरएक्स ७६००. आजच १०८० पीला एक गेम आठच्या वर जात असेल, तर सहावरून आठवर जायला तीस हजार घालणं मला पटेना. यामागचं कारण साधं आहे. २०२० च्या शेवटी आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये १६ जीबी मेमरी आहे, प्रोसेसर आणि ग्राफिक्सची मिळून. जुन्या कन्सोलसाठी गेम काढणं जसजसं बंद झालं, तसतसे पोत त्या मापाने बनायला लागले.

त्याहून बारीक गोष्ट माझ्या मदरबोर्डाची. माझा बी४५० बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० चा, म्हणजे कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसतं तो जुन्या वेगाचा. स्लॉट लांबीने पूर्ण, सोळा लेनचा, म्हणजे माहितीच्या ये-जा करायच्या सोळा वाटांचा. पण ४०६०, ५०६०, ५०६० टीआय, ७६००, इंटेलचं बी५८० या सगळ्यांनी कार्डाच्या बाजूने आठच लेन जोडल्या आहेत. नव्या बोर्डावर वेग दुप्पट-चौपट असल्यामुळे आठ लेन पुरतात. माझ्या बोर्डावर आठ लेन म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ जीबीचा रस्ता. कार्डाची मेमरी पुरेशी असली तर याने फार फरक पडत नाही. ती भरली की मात्र उरलेला माल पीसीच्या रॅममधून त्याच रस्त्याने येतो, आणि कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला शेकडो जीबींचा असताना हा रस्ता गल्लीसारखा पडतो. म्हणजे ८ जीबी आणि आठ लेन ही जोडी जुन्या बोर्डवाल्यालाच सर्वांत जास्त चावते, आणि मधल्या गटातलं कार्ड घेणारा माणूस बहुतेकदा जुन्या बोर्डवालाच असतो. खोक्यावर हे ठळक अक्षरात छापलेलं नसतं, याचा मला मनापासून राग आहे.

बी५८० वर माझा जीव होता, १२ जीबी आणि किंमत कमी. पण त्याच्या ड्रायव्हरचा प्रोसेसरवर जास्त भार पडत होता आणि ३६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर त्याच्या फ्रेम बऱ्याच खाली येत होत्या, हे अनेकांनी मोजून दाखवलं होतं. माझा प्रोसेसर आधीच दमलेला. ते खोडलं.

उरलं आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीचं. जून २०२५ मध्ये आलेलं, पूर्ण सोळा लेन, १६० वॅटच्या आसपास. माझा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, ४५० वॅटचा आहे, चांगल्या प्रतीचा. प्रोसेसर जास्तीत जास्त ९० धरला, बाकी सगळं मिळून साठ-सत्तर, तरी सव्वातीनशेच्या आत बसतं, आणि आठ पिनची एक वायर आहेच. कागदावर माझ्यासाठी हेच कार्ड. मला सांगितलेला भाव साडेसदतीस हजार.

नवरात्रात एका शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेलो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, पूर्वेला उतरलं की पाच मिनिटांत डॉ. भडकमकर मार्ग, पण ते नाव पाटीवर, तोंडात लॅमिंग्टनच. इथून मी पहिला पीसी जोडून नेला होता, सीपीयूचं खोकं मांडीवर घेऊन लोकलने. अजूनही त्या गल्ल्यांत शिरलो की छातीत धडधडतं.

त्याच आठवड्यात जीएसटीचे नवे दर लागू झाले होते, २२ सप्टेंबर २०२५ ला. प्रत्येक दुकानात दोन-चार जण विचारत होते, कार्ड किती स्वस्त झालं? दुकानदार दर वेळी तेच सांगत होता: मोठा टीव्ही अठ्ठावीसवरून अठरावर आला, कार्डावर आधीही अठराच होता, आताही अठराच. तो बिचारा खरं बोलत होता.

नवं कार्ड हातात घेऊन पाहिलं, लांबी मोजली, माझ्या कॅबिनेटमध्ये बसत होतं. मग एका माळ्यावरच्या दुकानात वापरलेली कार्डं पाहायला गेलो. तिथे एक आरटीएक्स ३०७० अठरा हजारांना होतं. ताकदीने माझ्या कार्डाच्या दुपटीहून वर, निम्म्या पैशांत. मन गेलंच. पण कार्ड उलटं केलं तर मागच्या स्क्रूंची डोकी घासलेली, एकाचा चर पार गुळगुळीत. मेमरीच्या बाजूने पॅडमधलं तेल पाझरून बोर्डावर चिकट डाग. खोक्यावरचा सिरियल नंबर आणि कार्डावरचा नंबर जुळत नव्हते. मी विचारलं, "अर्धा तास लावून दाखवाल का? स्ट्रेस टेस्ट चालवू." उत्तर आलं, "पाच मिनिटं चालवतो, साहेब. डिस्प्ले आला की झालं." बिल कच्चं, वॉरंटी "दुकानाची सात दिवस".

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाने पद्धत बदलली आणि कार्डांवरचं मायनिंग एका रात्रीत आतबट्ट्याचं झालं. तेव्हा अशी हजारो कार्डं बाजारात आली. मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असं मी म्हणणार नाही. पण ज्याचा इतिहास लपवलेला आहे ते घ्यायचं नाही, एवढं मी पाळतो. खाली उतरलो, उसाचा रस घेतला आणि बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभा राहिलो.

खिशात वही होती. साडेसदतीस हजार, आणि त्याने सुटणारे तास महिन्याला दहा. ते दहासुद्धा आज बंद नाहीत, सेटिंग थोडं उतरवलं की चालतात. पूर्ण बंद फक्त दोन गेम. आणि ज्या वीस तासांना खरी ठेच लागते, तिथे हे कार्ड काहीच करणार नाही. इतकं सगळं मीच लिहून ठेवलेलं होतं, माझ्याच अक्षरात. तरी त्या रस्त्यावर उभं राहून ते पुन्हा वाचावं लागलं, कारण नव्या खोक्याचा वास अजून नाकात होता.

मी परत एका मोठ्या दुकानात गेलो आणि रायझन ५ ५६०० मागितला. साडेनऊ हजार, पक्कं बिल, कंपनीची वॉरंटी.

हा प्रोसेसर माझ्याच सॉकेटात बसतो, एएम४. कोअर तितकेच सहा, वॅट तितकेच पासष्ट. फरक आतल्या रचनेत आहे. ३६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच झटपट मेमरी, दोन भागांत तोडलेली, तीन कोअरना १६, उरलेल्या तिघांना १६. ५६०० मध्ये सहाही कोअरना मिळून अख्खी ३२. गेमला पुन्हा पुन्हा लागणारी माहिती हाताशी राहते, रॅमपर्यंत हेलपाटे कमी होतात. काउंटर-स्ट्राइकसारख्या गेमला नेमकं हेच हवं असतं.

बसवण्याचं काम दसऱ्याच्या सुट्टीत केलं. आधी जुना प्रोसेसर असतानाच बायॉस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट, नाहीतर बोर्ड नव्याला ओळखणारच नाही. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केला, फाइल टाकली, पीसी इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला. ती टक्केवारी शंभरला पोचेपर्यंत मी घरात कुणाला मिक्सरसुद्धा लावू दिला नाही. मग दहा मिनिटं गेम चालवला, मुद्दाम, कारण एएम४ च्या प्रोसेसरला खालून १३३१ पिना असतात, आणि थंड पेस्ट घट्ट धरून बसली असेल तर कूलर ओढताना प्रोसेसर सॉकेटातून उपटून येतो आणि पिना वाकतात. गरम असताना बंद केलं, स्क्रू सोडले आणि कूलर वर न ओढता घड्याळाच्या काट्यासारखा डावीकडे-उजवीकडे फिरवत राहिलो. थोड्या वेळाने हाताला कळलं, पकड सुटली. जुना ३६०० सरळ पिनांनिशी निघाला. तो चार हजारांना गेला, ऑफिसातच.

त्या शुक्रवारी, धुराच्या त्याच जागी, सर्वांत वाईट एक टक्क्याचा आकडा ११२. मी मित्रांना काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या डावानंतर कुवेतवाला म्हणाला, "आज काय झालंय तुला, आधीच्या आधीच मारतोयस!"

दिवाळीत भाचा आला तो थेट पीसीपाशी गेला, काचेतून आत वाकून पाहिलं. कार्ड तेच, दोन पंख्यांचं, स्वच्छ.

"मामा, म्हणजे डूम नाहीच?"

"आत्ता नाही," मी म्हटलं. वही उघडून त्याला शेवटचं पान दाखवलं. वर लिहिलंय: सुरूच न होणारे गेम, जे मला स्वतःला खेळायचे आहेत. खाली दोन नावं. तिसरं आलं की १६ जीबीचं, सोळा लेनचं कार्ड घ्यायचं, त्या दिवशी जे असेल ते. तिसरी ओळ रिकामी आहे.

त्याने पान नीट वाचलं. मग माझं पेन उचललं आणि विचारलं, "माझ्या आवडीचा चालेल?"

"मला खेळायचा असला पाहिजे."

तो खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला आणि येत्या वर्षात काय काय येणार आहे ते मला एकेक करून सांगायला लागला.